लोकप्रशासनात पीएचडी करायचीय? आधी गाईडच्या रिकाम्या जागा मोजा

लोकप्रशासनात डॉक्टरेट करायला काय लागतं, असं विचारलं की बहुतेक जण एक आकडा सांगतात : पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के. उत्तर बरोबर आहे, पण त्याने काम भागत नाही. ५५ टक्क्यांनी तुम्ही फक्त अर्ज करायला पात्र ठरता. पात्र असणं, प्रवेश मिळणं आणि नोंदणी पक्की होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उमेदवारांची वर्षं वाया जातात ती या तिघींच्या मधल्या अंतरात.

भारतातल्या सगळ्या पीएचडींचा पाया म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, विनियम. सध्याचे विनियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि त्यांनी २०१६ च्या विनियमांची जागा घेतली. या चौकटीत राहून प्रत्येक विद्यापीठ आपले नियम करतं. विद्यापीठाला जास्त कडक होता येतं, यूजीसीपेक्षा सैल होता येत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी ऐकीव माहितीतली निम्मी गडबड कमी होते, कारण आजही अनेक जण २०१६ चेच नियम एकमेकांना सांगत असतात.

अर्ज कोण करू शकतो

सरळ मार्ग जुनाच आहे. तीन वर्षांची पदवी, त्यावर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि त्यात किमान ५५ टक्के किंवा तेवढी श्रेणी. पदवी चार वर्षांची असेल तर पदव्युत्तर एक वर्षाचं चालतं. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट आहे. ज्यांनी पूर्वी एमफिल केलं आहे त्यांचं एमफिल पात्रतेला धरलं जातं. नवीन एमफिल मात्र आता करता येत नाही. २०२२ च्या विनियमांनी ती पदवीच बंद केली.

दुसरा मार्ग नवा आहे. चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची पदवी आणि त्यात एकूण ७५ टक्के असतील, तर एमए न करता थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो. नेटच्या, म्हणजे प्राध्यापकपदासाठी आणि संशोधनासाठी घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, बाबतीत यूजीसीने आणखी एक दार उघडलं आहे : चार वर्षांची पदवी कोणत्याही शाखेची असली, तरी ज्या विषयात पीएचडी करायची तो विषय घेऊन परीक्षेला बसता येतं. म्हणजे चांगल्या गुणांनी इंजिनिअर झालेल्या मुलीला लोकप्रशासनाचा पेपर देता येतो. नियमाने हे शक्य आहे. पण मुलाखतीत समोर बसलेले प्राध्यापक तिला नोकरशाहीबद्दल समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचं म्हणणं काय आणि प्रशासनाचा अभ्यासक हर्बर्ट सायमनने जुन्या प्रशासकीय तत्त्वांवर कोणता आक्षेप घेतला, हे विचारणारच. ती तयारी नियम करून देत नाही.

विषयाची भानगड इथे जास्त असते. लोकप्रशासनाला स्वतंत्र विभाग असलेली विद्यापीठं फार नाहीत. नागपूर विद्यापीठात १९४९-५० च्या सुमारास लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य शासन यांचा विभाग सुरू झाला आणि या विषयाच्या भारतातल्या इतिहासात त्याचं नाव आवर्जून घेतलं जातं. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन एकाच विभागात नांदतात. बऱ्याच ठिकाणी लोकप्रशासन हे राज्यशास्त्राच्या पोटातच असतं. त्यामुळे तुमचा विषय प्रशासनाचा असला तरी पदवी राज्यशास्त्रात मिळू शकते. पुढे जिथे 'लोकप्रशासन' असं लिहिलेलीच पदवी मागतील तिथे जायचं असेल, तर ही गोष्ट अर्ज भरायच्या आधी विचारून घ्या, प्रबंध लिहून झाल्यावर नाही.

नोकरी करताकरता मुक्त विद्यापीठातून एमए केलेले अनेक जण उगाच धास्तावलेले असतात. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, त्यामुळे इग्नूचं लोकप्रशासनातलं एमए पीएचडीला चालतं. पीएचडी मात्र पत्रद्वारे किंवा ऑनलाइन करता येत नाही. 'घरबसल्या ऑनलाइन डॉक्टरेट, परदेशी विद्यापीठाशी करार' अशा जाहिरातींबद्दल यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) या दोन्ही संस्थांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळून इशारा दिला होता. तरी त्या जाहिराती थांबलेल्या नाहीत. हॉटेलच्या सभागृहात झगा आणि टोपी घालून वाटल्या जाणाऱ्या 'मानद डॉक्टरेट'बद्दल तर काय बोलावं! नावापुढे डॉ. लावण्याची हौस भागते, पण सेवापुस्तकात त्याची नोंद होत नाही.

नेट, पेट आणि ७०-३०

पात्रतेनंतर परीक्षा. पूर्वी नेट देऊन फक्त जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती) आणि सहायक प्राध्यापक अशा दोन गोष्टी ठरायच्या. जून २०२४ च्या सत्रापासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला जेआरएफ, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश असं तिन्ही मिळतं. दुसऱ्याला सहायक प्राध्यापकाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश. तिसऱ्याला फक्त पीएचडी प्रवेशासाठीची पात्रता.

फरक इथे पडतो : जेआरएफवाल्याची निवड मुलाखतीवर होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांच्या नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि हे गुण पीएचडी प्रवेशापुरते एकच वर्ष चालतात. एका वर्षात प्रवेश नाही झाला तर परीक्षा पुन्हा. विद्यापीठाची जाहिरात वर्षातून एकदा निघते, कधी तीही लांबते. म्हणून नेटचा निकाल हातात आल्यावर 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणणं महागात पडतं.

नेटमध्ये लोकप्रशासनाचा विषय क्रमांक १४. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न आणि १०० गुण. दुसरा विषयाचा, १०० प्रश्न आणि २०० गुण. दोन्ही मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. राज्यशास्त्राचा पेपर वेगळा आहे. दोन्हींत काही भाग सामायिक दिसतो म्हणून राज्यशास्त्राच्या नोट्सवर लोकप्रशासनाचा पेपर द्यायला जाणारे असतात. प्रशासकीय सिद्धांत, वित्तीय प्रशासन, कर्मचारी प्रशासन आणि फ्रेड रिग्ज या अभ्यासकाचं तुलनात्मक प्रशासन पुढ्यात आलं की त्यांचं अवघड होतं.

विद्यापीठांना स्वतःची प्रवेश परीक्षा घेण्याची मुभाही विनियमांत आहे. महाराष्ट्रात तिला सगळे 'पेट' म्हणतात. तिचा निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा. ५० टक्के मिळाले की मुलाखतीला बोलावणं येतं, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट. इथेही परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० असंच वजन. पेट द्यायची की नेट हे ज्या विद्यापीठात जायचं त्याच्या त्या वर्षीच्या जाहिरातीवर ठरतं, मित्राच्या अनुभवावर नाही.

जेआरएफला वयाची अट आहे, खुल्या प्रवर्गासाठी ३० वर्षं, राखीव प्रवर्ग आणि महिलांना ५ वर्षांची सूट. पीएचडीला अशी अट नाही. पन्नाशीतही प्रवेश घेता येतो आणि या विषयात तसे विद्यार्थी असतातही. जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. जेआरएफ नसेल तर महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि ओबीसी, भटक्या विमुक्त जमातींसाठी महाज्योती अधिछात्रवृत्ती देतात. या अधिछात्रवृत्तींसाठी विद्यार्थ्यांना आंदोलनंही करावी लागली आहेत, त्यामुळे ती हमखास आणि वेळेवर मिळेल असं धरून घराचं गणित मांडू नये.

खरी अडचण : गाईड

परीक्षा पास झाली, मुलाखतीचं पत्र आलं. आता एक साधी आकडेमोड करू.

एका प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८ संशोधक घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४. समजा एका विभागात एक प्राध्यापक, एक सहयोगी आणि दोन सहायक आहेत. एकूण जागा झाल्या २२. पण या जागा दरवर्षी रिकाम्या होत नाहीत. एक संशोधक साधारण पाच वर्षं अडकला तर वर्षाला फार फार तर चार जागा सुटतात. त्यात आरक्षण, त्यात एखाद्या गाईडकडे गेली तीन वर्षं काहीच न लिहिणारा जुना विद्यार्थी. आणि विभागातलं प्राध्यापकपद रिक्त असेल, जे आपल्याकडे नवलाचं नाही, तर २२ चे एकदम १४ होतात. परीक्षा पास झालेले शंभर आणि जागा दोन, हे चित्र अशा हिशेबातून तयार होतं. कुणी मुद्दाम अडवून ठेवलेलं असतंच असं नाही.

आणखी एक नियम लोकांच्या लक्षात येत नाही. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवे संशोधक घेता येत नाहीत. आधी घेतलेल्यांना निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करता येतं, त्यानंतर सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं आणि तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. त्यामुळे ज्यांच्या नावाचा दबदबा आहे असे ज्येष्ठ सर अनेकदा तुम्हाला घेऊ शकत नाहीत, आणि घेतलं तरी तुमचा प्रबंध पुरा होईपर्यंत मुख्य गाईड म्हणून असतीलच असं नाही. गाईड होण्यासाठीही अट आहे. प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकाचे समीक्षित नियतकालिकांत किमान पाच शोधनिबंध हवेत, सहायक प्राध्यापकाचे तीन.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी विभागाच्या शिक्षकांची यादी घेऊन बसा. प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा : त्यांच्याकडे रिकाम्या जागा किती, निवृत्ती कधी, आणि गेल्या काही वर्षांत त्यांनी कशावर लिहिलंय. रिकाम्या जागांची यादी विद्यापीठाने संकेतस्थळावर लावायची असते. नसेल तर विभागात जाऊन विचारा. तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित. पंचायत राजवर आयुष्यभर काम केलेल्या मॅडमकडे तुम्ही सार्वजनिक खरेदीतल्या निविदांचा विषय घेऊन गेलात, तर त्या नाही म्हणतील आणि ते योग्यच असेल.

'विशेष संदर्भात' पुरेसं नाही

मुलाखतीचे ३० टक्के मिळतात ते तुमच्या संशोधनाच्या आराखड्यावर. आणि आराखडा पडतो तो बहुधा शीर्षकापाशीच. 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा : एक चिकित्सक अभ्यास, अमुक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात.' असली शीर्षकं शेकड्याने सापडतील. 'विशेष संदर्भात' घातलं की शीर्षकात जिल्हा येतो, प्रश्न येत नाही.

हाच विषय जवळून पाहू. २०१५ च्या या कायद्याने दाखले, परवाने, उतारे अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. मुदतीत सेवा नाही मिळाली किंवा अर्ज फेटाळला, तर पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. कागदावर साखळी पूर्ण आहे. आता संशोधकाने विचारायचा प्रश्न असा : ज्यांचा दाखला मुदतीत आला नाही त्यांच्यापैकी अपील करतं कोण, करत नाही कोण, आणि का? अपीलच माहीत नाही म्हणून? की पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जातं म्हणून? की दाखला हवा असतो कॉलेजच्या प्रवेशासाठी, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत प्रवेशाची तारीख उलटून जाते म्हणून?

या तिसऱ्या शक्यतेपाशी प्रबंध सुरू होतो. कारण ती खरी निघाली, तर दोष लोकांच्या जागृतीत नाही, कायद्यातल्या अपिलाच्या वेळापत्रकात आहे. म्हणजे निष्कर्षात नेहमीचं 'जनजागृती करावी' लिहून सुटता येणार नाही.

मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. माहिती कुठून मिळणार? पोर्टलवरचे एकूण आकडे अर्जदाराचा प्रवास सांगत नाहीत. तहसील कार्यालयातली नोंदवही बघायला परवानगी लागेल. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे, पण मिळालेलं उत्तर तुमच्या तक्त्यात बसेल अशा रूपात असेलच असं नाही. 'माहिती व्यापक स्वरूपाची असल्याने कार्यालयात येऊन पाहावी' हे उत्तर अनेकांना पाठ असेल. दोन तालुके घ्यायचे तर कोणते? मनुष्यबळ सारखं पण प्रलंबित अर्जांचं प्रमाण वेगळं, असे दोन मिळाले तर तुलनेला अर्थ. घरापासून जवळ पडतात म्हणून निवडलेले दोन तालुके परीक्षक लगेच ओळखतात. इतकं सगळं दोन पानांत मांडता आलं, तर मुलाखत घेणारे तुमच्या टक्केवारीकडे परत वळत नाहीत.

नोकरीत असाल तर

या विषयाकडे येणाऱ्यांत मोठा वाटा सरकारी नोकरदारांचा : नायब तहसीलदार, गटविकास अधिकारी, पोलीस, महापालिकेतले अधिकारी, मंत्रालयातले कक्ष अधिकारी. त्यांच्यासाठी अर्धवेळ पीएचडीची सोय विनियमांत आहे. अट म्हणजे कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र, आणि ते नुसतं 'हरकत नाही' असं चालत नाही. त्यात तीन गोष्टी यायला हव्यात : अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्क, म्हणजे पीएचडीतला वर्गातला अभ्यासक्रम, पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळं केलं जाईल. तिसरं वाक्य लिहून द्यायला वरिष्ठ कचरतात. आस्थापना शाखेतला कारकून जुन्या नमुन्यात पत्र टाइप करतो, विद्यापीठ ते परत पाठवतं आणि तोवर मुदत संपते. विद्यापीठाचा नमुना स्वतः घेऊन जावा.

अर्धवेळ म्हणजे अर्धी पीएचडी नव्हे. पात्रता, कोर्सवर्क, प्रबंध, मौखिकी, सगळं पूर्णवेळवाल्यासारखंच. बदली झाली की क्षेत्र, कार्यालय आणि कधी विषयही हातातून निसटतो.

नोकरदार संशोधकाची एक अडचण नियमात कुठेच लिहिलेली नाही. आपल्याच खात्याचा अभ्यास करणाऱ्याला माहिती सहज मिळते, फाइल कुठे आहे हे ठाऊक असतं, ही जमेची बाजू. पण जो तलाठी तुमच्या हाताखाली काम करतो, तो तुमच्या प्रश्नावलीत 'काम वेळेत होतं का' या प्रश्नाला काय उत्तर देणार? शंभर टक्के 'होय' आलेला तक्ता म्हणजे साहेबांनी विचारल्याचा पुरावा, दुसरं काही नाही. यावर उपाय आहेत : मुलाखती दुसऱ्याकडून घ्या, दुसरा जिल्हा घ्या, किंवा माणसांच्या उत्तरांऐवजी नोंदींवर भर द्या. पण ते आराखड्यातच सांगावे लागतात. माझ्या मते अधिकाऱ्यांचे प्रबंध सपाट होतात ते भाषेमुळे किंवा वाचनाच्या अभावामुळे कमी, आणि या एका गोष्टीकडे काणाडोळा केल्यामुळे जास्त.

परदेशातली डीपीए

अमेरिकेत या विषयात दोन वेगळ्या डॉक्टरेट मिळतात. पीएचडी ही संशोधकासाठी, आणि 'डॉक्टर ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन', म्हणजे डीपीए, ही प्रशासनात काम करणाऱ्यासाठी. डीपीएला बहुधा पदव्युत्तर पदवीसोबत काही वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, प्रबंध एखाद्या प्रत्यक्ष प्रशासकीय समस्येवर असतो आणि अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येईल असा बेतलेला असतो. पीएचडीला साधारण पहिली दोन वर्षं वर्गातला अभ्यास, त्यात संख्याशास्त्राचा आणि संशोधन पद्धतीचा मोठा वाटा, मग सर्वंकष परीक्षा, आणि ती पास झाल्यावरच प्रबंध. आपल्याकडे गाईड आणि विषय आधी, शिकणं नंतर, तिथे उलटं. शिवाय एका गाईडऐवजी समिती असते. अर्जासोबत शिफारसपत्रं, उद्देशपत्र, इंग्रजीची परीक्षा लागते; जीआरई या प्रवेश परीक्षेची सक्ती अनेक विद्यापीठांनी काढली आहे.

पैशाच्या बाबतीत दोन्हींत मोठं अंतर आहे. पूर्णवेळ पीएचडीला शुल्कमाफी आणि अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाचं वेतन मिळण्याची शक्यता असते. डीपीएचा खर्च बहुतेकदा विद्यार्थी किंवा त्याचं कार्यालय उचलतं. आणि परत येऊन इथे प्राध्यापक व्हायचं असेल, तर भारतात त्या पदवीला समकक्षता मिळेल का हे जाण्याआधी तपासा. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी यूजीसीने २०२५ मध्ये स्वतंत्र विनियम केले आहेत. ते वाचायला एक संध्याकाळ पुरते.

प्रवेशानंतर

प्रवेशाच्या तारखेपासून कालावधी मोजायला सुरुवात होते. किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन, म्हणजे आठ. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं, एकूण दहापर्यंत. महिलांना या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही मिळते.

आधी कोर्सवर्क, किमान १२ श्रेयांकांचं. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा विषय सक्तीचा, आणि पास व्हायला ५५ टक्के. पूर्णवेळ असो की अर्धवेळ, यातून सुटका नाही. संशोधकाला आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा साहाय्यकाचं कामही दिलं जाऊ शकतं. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. तिथे 'संदर्भ साहित्याचं वाचन सुरू आहे' हे वाक्य दोनदा चालतं, तिसऱ्यांदा समिती विचारते की काय वाचलं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत याशिवाय संशोधन व मान्यता समिती असते, जिला सगळे आरआरसी म्हणतात, आणि विषयाला तिची मान्यता मिळाल्यावर नोंदणीचं पत्र निघतं. समितीने शीर्षक बदलायला सांगितलं तर रागावू नका. शीर्षक नंतर बदलणं याहून कितीतरी कटकटीचं असतं.

शोधनिबंधांबाबत मोठा घोळ आहे. २०१६ च्या नियमांत प्रबंध जमा करण्यापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदांमधली दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ मध्ये यूजीसीने ही सक्ती काढली. एखाद्या विद्यापीठाने आपल्या नियमांत ती ठेवलेली असू शकते, म्हणून तपासून घ्या. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा या जुन्या सक्तीवरच फोफावला. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा 'केअर लिस्टेड आहे हो' असं सांगणाऱ्याच्या हातात पैसे ठेवू नका. प्राध्यापकी करायची असेल तर चांगल्या ठिकाणी छापलेला एक निबंध पुढे उपयोगी पडतोच.

प्रबंध मराठीत लिहिता येतो का? अनेक विद्यापीठांत येतो, आणि स्थानिक प्रशासनाच्या विषयाला मराठीच नैसर्गिक आहे. ग्रामसभेची इतिवृत्तं, कार्यालयीन टिपणं, मुलाखती सगळं मराठीतच असतं. फक्त मराठी वाचणारे बाह्य परीक्षक राज्याबाहेर कमी मिळतात, हे गाईडशी आधी बोलून घ्या.

प्रबंध जमा केल्यावर

जमा करण्याआधी विभागात पूर्वसादरीकरण होतं. ते सगळ्यांसाठी खुलं असतं. मग साहित्यचोरीची तपासणी. २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावं लागतं. ४० ते ६० टक्क्यांना दुरुस्त प्रबंध सादर करायला एका वर्षाची बंदी, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. लोकप्रशासनात एक गंमत होते : कायद्याची कलमं, शासन निर्णय, समित्यांचे अहवाल पानंच्या पानं उतरवलेली असतात. अवतरणचिन्ह आणि संदर्भ नसेल तर जीआरचा मजकूरही चोरीत जमा होऊ शकतो. तसंही शासन निर्णय जसाच्या तसा छापून प्रबंधाची जाडी वाढते, वजन वाढत नाही. परिशिष्टात टाका.

प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. दोघांनी मान्य केला तर मौखिकी. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे पाठवतात, आणि त्याने मान्य केलं तरच मौखिकी होते. त्यानेही नाकारला तर प्रबंध फेटाळला जातो. जमा केल्यापासून ही सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत संपवावी असं विनियम सांगतात. प्रत्यक्षात परीक्षकाचा अहवाल टपालात, मेलमध्ये किंवा परीक्षकाच्या टेबलावर अडकतो. दर पंधरा दिवसांनी पीएचडी विभागात नम्रपणे चौकशी करायला लाजू नका.

मौखिकीही खुली असते, आता ऑनलाइनही घेता येते. ती झाली की लोक पेढे वाटतात आणि नावापुढे डॉ. लावतात, पण विद्यापीठाची अधिसूचना निघेपर्यंत कागदोपत्री काही झालेलं नसतं. मुलाखतींना, पदोन्नतीला तीच तारीख धरतात. सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला १ जुलै २०२३ पासून नेट किंवा राज्यपातळीवरची सेट अथवा स्लेट ही किमान पात्रता असून पीएचडी ऐच्छिक आहे. सहयोगी प्राध्यापक व्हायला मात्र ती लागतेच. प्रबंधाची डिजिटल प्रत इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे जाते आणि शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. अधिसूचनेसोबत आणखी एक कागद मागून घ्या : पदवी २०२२ च्या विनियमांनुसार दिली आहे असं नमूद करणारं तात्पुरतं प्रमाणपत्र. विनियमांत त्याची तरतूद आहे, तरी ते न मागता मिळेलच असं नाही. निवड समितीसमोर ते नसेल तर कुलसचिवांच्या सहीसाठी पुन्हा विद्यापीठाच्या खेपा माराव्या लागतात.